शेवटचा नंबर कुणाचा?

आमच्या गावचा कारभार नगरपालिका चालवते असं ज्यांना वाटत होतं, त्यांनी आमच्या नळकोंडाळ्यावरच्या आक्का पाहिलेल्या नव्हत्या. नगराध्यक्ष यायचे आणि जायचे, मधूनच प्रशासक म्हणून कुणी साहेब येऊन खुर्ची उबवून जायचा, पण आक्का आपल्या जागी कायम. त्यांना कुणी मत दिलेलं नव्हतं आणि मागायची त्यांची तयारीही नव्हती. "मत मागाया दोनी हात जोडाय लागत्यात. माजा एक हात कळशीत गुतलेला असतोय," असं त्या म्हणत. ती कळशी म्हणजे पितळेची, एका कुशीला पोचा आलेली, चिंचेनं घासून घासून लखलखीत केलेली. आक्का आणि कळशी वेगवेगळ्या मी फारशा पाहिल्याच नाहीत. लग्नकार्यालाही त्या कळशी घेऊन आल्या असत्या, पण लोक आहेर समजून ठेवून घेतील म्हणून आणत नसाव्यात.

मी माहेरची साताऱ्याची. लग्न होऊन सांगलीकडच्या या गावात आले तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. आमच्या गल्लीत कुणाच्याच घरात नळ नव्हता. गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेचं नळकोंडाळं, म्हणजे सिमेंटच्या कट्ट्यावर चार तोट्या, आणि त्यातल्या दोन कायम मुक्या. पहाटे पाणी सुटायचं आणि नीट उजाडायच्या आत जायचं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी हंडा हातात दिला आणि मी तिथं जाऊन नुसतीच उभी राहिले. नव्या सुनेनं कुणाला काय विचारायचं? सगळ्याजणी माझ्या साडीकडे बघत होत्या. तेवढ्यात साठीची, ठेंगणी, कपाळावर गोंदलेलं, खणखणीत आवाजाची एक बाई म्हणाली, "अगं लांब का हुबी? शेवटचा नंबर कुनाचा इचारायचं आन् त्याच्या मागं भांडं लावायचं. भांडं लावलं म्हंजी मानूस आलं. लाव माज्या मागं."

त्या म्हणजेच आक्का, आणि हा तिथला कायदा होता. भांडं रांगेत लावून तुम्ही चूल पेटवायला जा, पोराला उठवायला जा, तुमचा नंबर जाणार नाही. कुणा नवखीनं भांडं सरकवायला हात घातला की पुढची बाई म्हणायची, "हाय ती. येतीय." बस्स, एवढ्यावर काम भागायचं. पुढं एकदा माझा मुलगा तापानं फणफणला होता तेव्हा मी हंडा लावून घरी पळाले ती परत आलेच नाही. पाणी जायची वेळ झाली आणि बायका कुरकुरायला लागल्या. आक्का माझ्या हंड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि "हाय ती. येतीय," म्हणत राहिल्या. शेवटी स्वतःच भरून दारात आणून दिला आणि वर मलाच दम भरला, "पोराचं बघ. हंड्याला काय ताप आलाय व्हय?"

आता रांग म्हटली की भांडणं आलीच. नळावर झिंज्या उपटायची वेळ आठवड्यातून एकदा तरी यायची, मी काही तिथं रामराज्य होतं असं म्हणणार नाही. कोपऱ्यावरच्या एक आजी तर आक्कांच्या कळशीचा धक्का लागला की आपली घागर तीनदा विसळायच्या. आक्का बौद्ध, म्हणून. आक्कांनी यावर तोंडातून शब्द काढला नाही. रोज उठून बरोबर त्या आजींच्या मागं नंबर लावायचा आणि कळशी चांगली घागरीला टेकवून ठेवायची, एवढंच त्यांनी चालू केलं. थंडीचे दिवस आले, पहाटेचं पाणी बर्फासारखं, आजींची बोटं आखडायला लागली, आणि संक्रांतीच्या आतच विसळणं आपोआप बंद पडलं. पुढं त्याच आजी आक्कांच्या कळशीवर देखरेख करायला लागल्या, हा भाग वेगळा.

मग आमच्या वॉर्डात बायकांची राखीव जागा आली आणि आमच्याच गल्लीतली एक सून निवडून आली. म्हणजे निवडून ती आली आणि मेंबर तिचा नवरा झाला. पाटी तिच्या नावाची, पण सहीखेरीज तिच्याकडं काही काम नव्हतं. पण पाणी तर तिलाच भरायला लागे! आक्कांनी हे बरोबर हेरलं. "मेंबरीणबाई, घागर भरंस्तवर तुमी आमच्या. मग जावा तुमच्या मालकाकडं," असं म्हणून त्या सुरू करायच्या. गटार तुंबलंय, खांबावरचा दिवा गेलाय, शाळेच्या दाराशी कुत्री बसत्यात. बिचारी जाणार कुठं? तिचं भांडं रांगेत! नगरपालिकेत चपला झिजवून जे काम होत नाही ते नळावर व्हायचं, कारण नगरपालिकेत साहेब उठून जाऊ शकतो आणि नळावरून भरल्याशिवाय कुणी हलत नाही.

एवढ्यावर थांबतील त्या आक्का कसल्या. सर्वसाधारण सभेला गावातल्या कुणालाही जाऊन बसता येतं हे त्यांना कुठून तरी कळलं, आणि तेव्हापासून एक सभा म्हणून त्यांनी चुकवली नाही. बाहेरच्या फळ्यावर सभेची नोटीस लागली की शाळेतून येणाऱ्या पोराला धरून ती वाचून घ्यायच्या. सभेच्या दिवशी मागच्या बाकावर कळशी शेजारी ठेवून मेथी निवडत बसायच्या. प्रेक्षकांनी बोलायचं नाही असा तिथला नियम, तो त्यांनी कसोशीनं पाळला. फक्त एखाद्या ठरावाला असा काही चुकचुकाट करायच्या की बोलणाऱ्याचं पुढचं वाक्य घशातच राहायचं. शिपाई म्हणाला, "आवं आक्का, कळशी तरी भायेर ठिवा." तर म्हणाल्या, "च्या प्याया गेले तर माजा नंबर कोन धरंल? तू?" गावात सिग्नल बसवायचं निघालं तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं होतं. दिवा बघून थांबायचं ही कल्पनाच त्यांना पटेना. "मागं कोन हाय त्ये मानसानं बघावं. दिव्याला काय कळतंय?" म्हणून सभेनंतर त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना जिन्यात अडवलं. सिग्नल बसला, आणि आक्का मरेपर्यंत तो लाल असताना रस्ता ओलांडून आपला निषेध नोंदवत राहिल्या.

एकदा मलाही ओढून घेऊन गेल्या. आमच्या बाकावर मेंबरीणबाईंचे यजमान बसलेले, आणि तिथून बायकोला हातवारे चाललेले, ऊठ, बस, हात वर कर. आक्कांनी थोडा वेळ बघितलं. मग कळशी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. "भाऊ, जरा धरा की. भाजी सांडतीया." कळशीत पाणी काठोकाठ! मालकांचे दोन्ही हात अडकले. हलले तर पांढरी विजार भिजणार. तिकडं खांबावरच्या दिव्याचा विषय निघाला, मेंबरीणबाईंनी सवयीनं मागं बघितलं, इशारा काही येईना. शेवटी ती पोर उठली आणि अडखळत का होईना, पण स्वतःच्या तोंडानं बोलली. बोलली ती अशी की चार दिवसांत दिवा लागला. आक्का मेथीची काडी मोडत मला म्हणाल्या, "बघ, तोंड व्हतं की तिला."

आणि मग एका सभेच्या नोटिशीत तो विषय आला. नवीन पाणी योजना, घरोघर नळ, आणि सार्वजनिक नळकोंडाळी बंद. गल्लीत आनंदीआनंद. माझ्या कमरेनं तर मनातल्या मनात पेढे वाटले. आक्का तेवढ्या गप्प. दुसऱ्या दिवशी पहाटे रांगेत मी त्यांना छेडलं, म्हटलं, "काय आक्का, घरात पाणी येणार तर तुम्हाला सुतक का?"

त्यांनी कळशीच्या पोच्यावरून बोटं फिरवली. "पानी घरात यावं ह्ये मलाबी पायजेल गं. पर ह्यो नळ मोडू नगा म्हनते. माजं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीकडचं. पाऊस न्हाई, पानी न्हाई. हीर एकच, आन् तिला आमच्या भांड्यानं शिवायचं न्हाई. आय माजी लांब हुबी ऱ्हायाची. कुनाला दया आली तर वरनं वतायचं, न्हाई आली की दुपारपातुर तशीच. लगीन हून हितं आले, तवा बी कळशी घिऊन लांबच हुबी ऱ्हायले. एक म्हातारी म्हनली, अगं लांब का हुबी? लाव माज्या मागं. लावली. माज्या मागं आनि एकीनं लावली. तिची घागर माज्या कळशीला चिकटली." आक्कांनी कळशी सरळ केली. "आयला सांगाया गेले तर तिला खरंच वाटंना. आता परत्येकीचा नळ आपापल्या घरात. मागं कोन न्हाई, म्होरं कोन न्हाई. मंग मी हाय ह्ये कुनी म्हनायचं?"

 माझा नंबर आला होता तरी मी तशीच उभी होते.

नळ मोडू नका असं सांगायला आक्कांनी सगळ्याजणींना सभेला बोलावलं, पण सभा नेमकी भर दुपारी, बायकांच्या कामाच्या वेळी. कुणी भांगलायला जाणारी, कुणाचं शिलाई मशीन, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली. सगळ्या म्हणाल्या, आक्का, तुमचं खरं आहे, पण आम्हाला यायला नाही जमणार. आक्का म्हणाल्या, "मानूस येत नसंल तर भांडं धाडा." आणि भांडी आली! पितळी घागरी, स्टीलचे हंडे, प्लॅस्टिकच्या बादल्या, एक तर चक्क चहाची किटली. सभागृहातल्या बाकावर आक्कांची कळशी पहिली, तिसरा माझा हंडा, आणि तिथून दारातून बाहेर, व्हरांड्यातून, जिन्याच्या पायरी पायरीनं खाली थेट नोटिशीच्या फळ्यापर्यंत रांग. कोपऱ्यावरच्या आजींची घागरही होती, आक्कांच्या कळशीला चिकटून लावलेली. शिपाई डोक्याला हात लावून बसला. नगराध्यक्ष आले, तेही धोतराचा सोगा धरून भांडी चुकवत चुकवत वर चढले, पण एका भांड्याला त्यांनी पाय लावला नाही. शेवटी तेही आमच्याच गावचे. नंबरातलं भांडं सरकवलं तर काय होतं हे त्यांना आईनं शिकवलेलं असणार.

विषय निघाल्यावर मुख्याधिकारी चिडून म्हणाले, "हा काय प्रकार आहे?" मेंबरीणबाई उठल्या. या वेळी त्यांनी मागं बघितलंच नाही. "साहेब, ह्या आमच्या वॉर्डाच्या हरकती आहेत," त्या म्हणाल्या. "बायका कामावर गेल्यात. येतीलच. तोवर त्यांचा नंबर लावलाय." सभागृहात खसखस पिकली, मुख्याधिकारी लेखी हरकतींचं काहीतरी बोलले, पण नगराध्यक्षांनी हात वर केला. गल्लीतल्या शेवटच्या घरात नळ येईपर्यंत कोंडाळं चालू राहील, असं ठरलं. टाळ्या वाजवायला बंदी होती म्हणून आक्कांनी बोटाच्या पेरानं कळशी एकदाच वाजवली.

जिंकलो म्हणायचं, पण त्या ठरावातच हार होती हे आक्कांना कळलं होतं. एकेका घरात नळ येत गेला. ज्या घरी येई तिथं आक्का पेढा खायला जात, तोटी सोडून बघत आणि "ग्वाड हाय गं पानी," म्हणत. आमच्याही घरी आला. रांग आखूड होत गेली. शेवटी उरलं ते आक्कांचंच घर. त्या काही अर्ज करेनात, आणि नगरपालिका त्यांच्या एकटीसाठी कोंडाळं चालवत राहिली. मग त्यांचा मुलगा पलटणीतून सुट्टीवर आला. आईला या वयात कळशी वाहताना बघून त्याचा जीव तुटला. महिनाभर हेलपाटे घालून त्यानं नळ बसवून घेतला. कुठल्या तोंडानं नको म्हणणार? "लेकानं हौसेनं आनलंय," एवढंच त्या मला म्हणाल्या.

कोंडाळं बंद व्हायच्या दिवशी नगरपालिकेचा माणूस पाना घेऊन पहाटेच येऊन बसला. मी हंडा घेऊन गेले. मला वाटलं मी एकटीच असेन. बघते तर सगळी गल्ली! घरात नळ असून सगळ्याजणी भांडी घेऊन हजर, आणि त्यांत मेंबरीणबाईसुद्धा. आणि मग जे भांडण झालं तसं त्या नळावर कधी झालं नव्हतं. जन्मभर पहिल्या नंबरासाठी भांडलेल्या बायका त्या दिवशी शेवटच्या नंबरासाठी भांडायला लागल्या. "आधी तुम्ही लावा," "छे छे, तुमचाच नंबर आधीचा," "माझी घागर मागं घे गं!" आपण भरलं की संपलं, म्हणून कुणी पुढं सरकेना. पानेवाला वैतागून म्हणाला, "आवं बायांनो, पानी जाईल की!" शेवटी आक्का म्हणाल्या, "गप ऱ्हावा. शेवटचा नंबर माजा." त्यावर कोण बोलणार? एकेक करून आम्ही भरलं. आक्कांची कळशी अर्धी झाली आणि तोटी खरखरून बंद पडली. त्यांनी अर्धी कळशी कमरेवर घेतली, मागं वळून बघितलं आणि चालू लागल्या.

आक्कांना जाऊन बरीच वर्षं झाली. पाणी आता माझ्या स्वयंपाकघरात येतं, मोटर लावली की वरच्या टाकीतही चढतं. सुख आहे, नाही कशाला म्हणू? पण पहाटे तोटीखाली भांडं लावलं की मला त्यांची आठवण येते, आणि त्या रांगेचीसुद्धा, तिच्यातल्या भांडणांसकट. शेजारच्या बंगल्यात कोण राहायला आलंय ते मला वर्षभर माहीत नव्हतं.

परवा घरपट्टीच्या कामाला नगरपालिकेत गेले होते. वर सभा चालू होती, म्हणून सहज डोकावले. मागचे बाक सगळे रिकामे. आमच्याच बाकावर जाऊन बसले आणि भाजीची पिशवी शेजारी ठेवली. थोड्या वेळानं एक बाई दारात आल्या, बिचकत बिचकत आत आल्या आणि माझ्या पिशवीकडे बोट करून हळूच म्हणाल्या, "इथं कुणी बसलंय का?"

पिशवी उचलायला मी हात पुढं केला होता. तो तसाच पिशवीवर राहिला. मी या बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली आणि म्हटलं, "आहेत त्या. येतायत."