नानाजींची बाजी

नानाजी गेल्या चैत्रात, सकाळी साडेआठच्या सुमारास, सिंदेवाहीच्या दवाखान्यात वारले. त्या दिवशीची नंबराची पहिली चिठ्ठी त्यांच्याच नावाची होती.

ते आमच्या शेजारी राहत. रेशनच्या रांगेत पहिले, लग्नाच्या पंगतीत पहिले, मयतीच्या घरीही खुर्ची धरण्यात पहिले. घरी परतताना ते आमच्या दारात थांबत. "आपून बाजी मारली, भाऊ. बाकीचे झोपून राह्यले." बाजी मारणे म्हणजे स्पर्धेत जिंकणे. नानाजींच्या लेखी मात्र स्पर्धा आहे हे दुसऱ्यांना कळण्याआधी जिंकणे, एवढाच त्याचा अर्थ होता.

गावाशेजारच्या जंगलात मोहाची दोन मोठी झाडे आहेत. त्यांची फुले शेवंताबाई सासऱ्यांच्या काळापासून वेचत. नवरा गेल्यावर त्यांचे निम्मे वर्ष त्या फुलांवर निघे. आमच्याकडे फुले गळण्याआधी झाडाखालचा पाचोळा झाडून जाळतात. ज्याने जागा साफ केली, त्याचे झाड.

एका माघात शेवंताबाई लेकीच्या बाळंतपणाला मोहर्लीला गेल्या होत्या. तेवढ्यात नानाजींनी दोन्ही झाडांखालचा पाचोळा जाळला.

परतल्यावर त्या विचारायला आल्या. "नानाजीभाऊ, सासऱ्यापासून आमी वेचून राह्यलो. तुमाले ठाऊक नाई का?"

"मंग जागा काऊन नाई झाडली? पहिले हात मारंल त्याचं."

शेवंताबाई घरी गेल्या.

माघात मोहाची पाने अजून गळायची बाकी असतात. हे गावात लहान पोरालाही कळते. नानाजींची राख पंधरा दिवसांत पानांखाली गेली. येता-जाता सगळ्यांनी ते पाहिले. नानाजींना कोणी सांगितले नाही. फाल्गुनात, झाडे उघडी पडल्यावर, शेवंताबाईंनी जागा झाडून घेतली.

पहिली फुले पडली त्या सकाळी नानाजी टोपली घेऊन पोहोचले. शेवंताबाई तिथे वेचत होत्या. नानाजींनी गावातल्या जाणत्यांना बोलावून आणले. त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्याने काठीने जमीन उकरून पाहिली.

"नानाजी, तुयी राख खाली हाये. वर इची जागा साफ हाये."

"पण पहिले मी जाळलं!"

"हो. लयच पहिले जाळलं."

लोक हसले. नानाजी रिकामी टोपली घेऊन परतले. त्या दिवशी ते आमच्या दारात थांबले नाहीत. पुढच्या दिवशी मात्र रेशनच्या रांगेत ते पहिले होते.

त्यांच्या अंत्ययात्रेला शेवंताबाई सगळ्यांत शेवटी आल्या. दोन्ही झाडांखालची त्या दिवशीची फुले तोवर वेचून झाली होती.