ओटी मीच भरणार

विहीणबाईंचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी देवळाच्या ओट्यावर समया घासत बसले होते. माझ्या लेकीचं, अश्विनीचं, डोहाळजेवण ठरलं होतं. "तुम्ही नक्की या," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "फक्त ओटी आमच्या जाऊबाई भरतील. तुमचं तसं... समजून घ्या. आणि माहेरची साडी तेवढी बरी बघून आणा, चार लोकांत दिसते." अश्विनी रांगत होती तेव्हाच माझे मालक गेले. लेक मी एकटीनं वाढवली, शिकवली आणि आता तिच्या ओटीला माझेच हात चालेनात. साडी मात्र चालणार होती.

तामलवाडीजवळच्या आमच्या गावात देवीचं लहानसं देऊळ आहे. पूजा गुरवीणबाई करतात, झाडलोट आणि भांडी माझ्याकडं. बाया नवसाच्या साड्या देवीला नेसवतात, त्या नंतर मागच्या खोलीतल्या पेटीत जातात. त्या दिवशी गुरवीणबाईंनी मला त्या उन्हात घालायला सांगितल्या होत्या. त्यात एक हिरवी होती, पदरावर मोर, काठ जड जरीचे. अश्विनीच्या थोरल्या जावेला माहेरून तशीच आली होती. हे फोनवर सांगून लेक लगेच म्हणाली होती, "मला काही नको गं आई." त्या 'नको'नं माझा जीव जाळला होता.

दुपारी गुरवीणबाई बाजाराला गेल्या. देवळात कुणी नव्हतं. मी ती साडी पिशवीत घातली, वर भाकरीचं फडकं टाकलं आणि देवीसमोर जाऊन उभी राहिले. हात जोडले नाहीत.

"बघून घे," मी तिला म्हणाले, "तुझ्यापासनं लपवून न्हाय नेत. तुला नवी येतच ऱ्हाती. माझ्या लेकीला एकदाच पायजे. शिक्षा करायची तर मला कर, तिला न्हाय." इतकी वर्षं मी तिच्यापुढं रडले होते. भांडले त्या दिवशी पहिल्यांदाच.

उंबऱ्याबाहेर पाय टाकते तोच एक बाई पायऱ्या चढून आली. माझ्या लेकीहून थोडी मोठी असेल. अनवाणी, उजवा हात प्लास्टर घालून गळ्यात अडकवलेला, आणि डाव्या हातात लटपटणारं ओटीचं ताट.

"मावशी, नवस फेडायचाय. डाव्या हातानं देवीची ओटी कशी भरू? तुम्ही भरता का?"

"म्या भरत न्हाय बाई. मालक न्हाईत मला."

"नवस म्या देवीला बोलले, लोकांना न्हाय," ती म्हणाली. "तुमचे हात धड हाईत ना?"

मी पिशवी खाली ठेवली आणि ताट घेतलं. तांदूळ, खण, नारळ, हळकुंड. कितीतरी वर्षांनी माझ्या बोटांना कुंकू लागलं. शेवटी तिनं आणलेली साडी मी देवीच्या खांद्यावर ठेवली. साधी हिरवी इरकल होती, तांबड्या काठाची. काही वाईट झालं नाही. दिवा शांत जळत राहिला.

"आता ती काढून घ्या मावशी," बाई म्हणाली. "मला लई उशिरा लेकरू झालं. देवीच्या अंगावरली साडी एका गरवार बाईला देईन, असं बोलले होते. हाय का तुमच्या गावात कुणी?"

मी तिथंच खाली बसले. "गावात न्हाय," मी म्हणाले, "पुण्यात हाय. माझीच पोरगी."

तिनं ती साडी माझ्या मांडीवर ठेवली, देवीला डोकं टेकवलं आणि खाली थांबलेल्या रिक्षातून निघून गेली. नाव-गाव विचारायचंही मला सुचलं नाही. देवीच आली होती असं मी म्हणत नाही. ती माझ्यासारखीच हाडामांसाची बाई होती. पण ती जरा उशिरा आली असती तर मी त्या पायऱ्या काय होऊन उतरले असते, हे मला ठाऊक आहे. मोराची साडी मी पेटीत परत ठेवली. भीतीनं नाही ठेवली. मी भांडले होते आणि मला उत्तर मिळालं होतं, म्हणून ठेवली.

पुण्यात फुलांच्या झोपाळ्यावर अश्विनी इरकल नेसून बसली. दोन-चार बायकांनी काठ बोटांनी चाचपून पाहिला. विहीणबाईंच्या जाऊबाई ताट घेऊन उठल्या, तशी मीही उठले. "ताट इकडं द्या. माझ्या लेकीची ओटी मीच भरणार."

"अहो, पण शुभकार्यात असं..." विहीणबाई पुढं आल्या.

"देवीनं माझ्या हातून भरून घेतली, विहीणबाई. तिला चालली. तुम्हाला चालत नसंल तर तिला जाऊन सांगा."

जाऊबाईंच्या हातातलं ताट मी घेतलं. अश्विनीनं दोन्ही हातांनी पदर पसरला आणि म्हणाली, "आई, भर." मी भरली. विहीणबाई आत निघून गेल्या, मी निघेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. नात झाली तेव्हा फोन मात्र त्यांनीच केला.

शरण जायचं म्हणजे सगळ्यांपुढंच मान खाली घालायची, असं मी समजत आले होते. म्हणून माणसांचं सगळं ऐकलं आणि देवीशी मात्र कधी मनातलं बोललेच नाही. तिला खरं सांगितलं ते पिशवीत चोरीची साडी असताना, आणि तशा मला तिनं पदरात घेतलं. तिचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत. मी शरण गेले आहे, पण फक्त तिलाच.