ब्रेक दाबल्याचं गाडीला कळू न देणारी तार

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंठ्याला शाळेत होते. फोनवर वहिनी होती. रडत नव्हती. चहा घेतला, पेपर हातात धरला आणि मान खाली पडली, एवढंच सांगू शकली. मी जालन्याला पोचले तर अंगणात माणसं जमलेली. उशाशी लावलेली उदबत्ती अजून संपलेली नव्हती आणि आमच्याच नात्यातल्या एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, दादाच्या गाडीचं काय ठरवलंय. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. दातांत सुपारी होती. त्या दिवसाची माझी पहिली आठवण रडण्याची नाही, त्या सुपारीची आहे.

दादा माझा थोरला भाऊ. बियाण्यांच्या एका कंपनीत जन्मभर फिरतीवर होता. जाफराबादपासून घनसावंगीपर्यंत तो ज्याच्या शिवारात उभा राहिला नाही असं गाव शोधूनच काढावं लागेल. चिडका नव्हता, पण अर्धवट काम दिसलं की जेवताना घासात केस निघाल्यासारखं तोंड करायचा. निवृत्तीनंतर उजवा गुडघा कुरकुरायला लागला आणि त्यानं एक जुनी डिझेल गाडी घेतली, ती केवळ तिच्यात क्रूझ कंट्रोल होतं म्हणून. स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की गाडी ठरवलेला वेग आपणच धरून ठेवते, पाय मोकळा राहतो. ब्रेकला पाय लागला की सोडून देते. मला पहिल्यांदा बसवलं तेव्हा दोन्ही पाय मागे घेऊन तो नवरदेवासारखा ताठ बसला होता.

पण हे क्रूझ लहरी निघालं. एखाद्या दिवशी जांब समर्थपर्यंत बिनबोभाट जायचं, तर दुसऱ्या दिवशी वाटूर यायच्या आतच आपोआप सुटायचं. ज्याला विचारावं तो नवीन रोग सांगे. कुणी पंप म्हणे, कुणी सेन्सर, आणि बहुतेक जण म्हणत, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच. या ‘चालायचंच’ची दादाला शिसारी होती. त्यानं एसी बंद करून पाहिला, चढावर पाहिलं, हळू आणि जोरात चालवून पाहिलं. शेवटी त्याच्या लक्षात आलं की चढाचा किंवा वेगाचा काही संबंध नाही. रस्ता खराब लागला, गाडीला हादरा बसला, की सुटतं. घरी आल्यावर त्यानं मला गाडीच्या मागं उभं केलं आणि आत पायाजवळ वाकून ब्रेकच्या दांड्याला हलकेच टिचक्या मारल्या. पेडल दबलंच नव्हतं, तरी मागचे लाल दिवे लुकलुकले. मी तसं सांगितलं. त्यानं मान वर काढली. “मंग बराबर हाये. ब्रेकचा स्विच ढिला झालाय. पाय लागला न्हाई तरी गाडीला वाटून राह्यलं, की लागला.”

नवा स्विच बसवायला त्यानं गाडी एका गॅरेजला दिली. संध्याकाळी परत आली ती एकदम शहाणी होऊन. कितीही हादरे बसोत, क्रूझ सुटेना. दादा खूश. मला मंठ्याला सोडायला तो आणि वहिनी निघाले. पुढं एका शेतातून कापसानं भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर रस्त्यावर आला. दादानं ब्रेक दाबला. गाडी मंदावली, पण इंजिन खालून ढकलतच राहिलं, आणि त्यानं पाय जरा सैल केला तशी गाडी पुन्हा ट्रॉलीकडे झेपावली. वहिनीनं माझा दंड धरला. दादानं ब्रेक गच्च दाबून धरला, अंगठ्यानं क्रूझचं बटण बंद केलं आणि गाडी कडेच्या मातीत उतरवली. ट्रॉलीतला कापूस आमच्या काचेवर येऊन चिकटला होता, एवढीच जागा राहिली होती.

तो उतरला, पेडलखाली डोकं घालून बघत राहिला आणि मला बोलावलं. स्विच तोच, जुना. त्याचं कनेक्शन काढून ठेवलेलं, त्यातल्या दोन तारा एकमेकींना पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टीत कुणाचा तरी केस अडकलेला. म्हणजे ब्रेक दाबलाय हे गाडीला कळायचा रस्ताच बंद करून टाकला होता. मागचे लाल दिवेही त्याबरोबर गेले होते. आम्ही तसेच रस्त्यानं आलो होतो.

गॅरेजवाल्याला त्यानं त्या तारा दाखवल्या तेव्हा मी सोबत होते. तो हसला. “साहेब, तुमची तक्रार व्हती, क्रूझ सुटतंय म्हणून. आता सुटतंय का?”

दादा गाडीत येऊन बसला. परतताना मी म्हटलं, तू रागावला का नाहीस. तो म्हणाला, “राग माणसाचा येतो, शोभा. मला किळस आली.”

स्विच त्यानं मागवून स्वतः बसवला. पण तेवढ्यावर गप्प बसला नाही. त्याच गॅरेजला टेंभुर्णीच्या एका कुटुंबाची तशीच, त्याच तक्रारीची गाडी त्यानं पाहिली होती. विचारत विचारत त्यांचं घर काढलं, सोबत एक स्विच नेला. तिथंही तीच पिळलेली तार निघाली. घरची लेकरं त्या गाडीतून शाळेत जात. आणि तरी घरमालक वैतागला, चालू गाडी कशाला खोलता म्हणाला. दादानं तार सोडवली, स्विच लावला आणि चहा न घेता परत आला. हे त्यानं मला सांगितलं तेव्हाही तोंड तसंच, घासात केस निघाल्यासारखं.

दहाव्याला तो गॅरेजवाला भेटायला आला. साहेब लई बारीक नजरेचा माणूस होता, म्हणाला. पाणी प्यायला, डोळे पुसले, आणि मग हळूच, गाडीला गिऱ्हाईक हाये, बराबर करून देतो... बोलता बोलता त्यानं अंगणातल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला.

“ती बराबर आहे,” मी म्हटलं. “दादानं केलीये. हात काढा.”

दुखवट्याच्या घरी असं बोलू नये, हे मला नंतर दोघांतिघांनी ऐकवलं. त्यांची लाज सांभाळायला ते समर्थ आहेत. गाडी वहिनीनं विकली नाही. ती चालवायला शिकते आहे.

परवा गेले होते. मागच्या नळाजवळ कोनाड्यात दादाचा साबण तसाच आहे. वाळून भेगा पडलेल्या, भेगांत ग्रीसचं काळं, वर त्याच्या बोटांचे खळगे. दुसऱ्याच्या वापरलेल्या साबणाची मला लहानपणापासून घाण वाटते. प्रवासात मी माझी वडी वेगळी नेते. वहिनी आतून म्हणाली, नवा काढून देते. मी नको म्हटलं. तो साबण ओला केला, खळग्यांत बोटं बसवली आणि हात धुतले...