किल्लीवाले मामा

इंटरनेटवर आजवर लाखो दुकानं निघाली असतील, पण माझ्या बायकोच्या मामांच्या दुकानाइतकं सभ्य दुकान दुसरं झालं नाही आणि यापुढेही होणार नाही. मामा अलोऱ्याच्या कोयना कॉलनीत विजेच्या खात्यात होते. निवृत्त होऊन ते रत्नागिरीला आले, तेव्हा बरोबरीच्या लोकांनी आरामखुर्च्या घेतल्या आणि मामांनी कॉम्प्युटर घेतला. दोन वर्षांत त्यांनी स्वतःच्या हिमतीवर प्रोग्रॅमिंग शिकून आंबा बागायतदारांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. कुठल्या कलमाचा आंबा कुठल्या दलालाकडे गेला, पेट्या किती, खराब किती, सगळं त्यात बसायचं. त्याला एक कुलूप होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला इंग्रजी अक्षरा-आकड्यांची वेगळी किल्ली मिळे आणि ती एकाच कॉम्प्युटरला लागे.

सुरुवातीला मामा ही किल्ली फोनवरून सांगत. पडवीत उभे राहून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात. "के फॉर कोकम! आर फॉर रातांबा! एफ फॉर फणस!" एकदा गुहागरच्या एका बागायतदाराला किल्ली काही केल्या लागेना. मामांनी पुन्हा पुन्हा सांगितली, घसा बसला. शेवटी पलीकडून आवाज आला, "अहो, फणसाचं स्पेलिंग पी-एच ना? मी पी दाबतोय." त्या दिवशी मामांनी फोन ठेवला, मामींकडे गरम पाणी मागितलं आणि जाहीर केलं, "आता दुकान इंटरनेटवर न्यायचं."

दुकानाचा सांगाडा तिकडे फुकट मिळत होता, पण तो साड्या नि पुस्तकं विकणाऱ्यांसाठी. पैसे आले की एक कोरी किल्ली उचलायची, गिऱ्हाइकाला मेल करायची आणि ती पुन्हा कुणाला द्यायची नाही, हे त्याला येत नव्हतं. ते काम करणारा जोडभाग, म्हणजे प्लगइन, मामा स्वतः लिहायला बसले. मी इथल्याच कॉलेजात शिकवतो, त्यामुळे मला त्यातलं कळतं असा मामांचा गोड गैरसमज होता. मी जावई असल्याने ते मला रागावूही शकत नसत. "जावईबापू, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, पण तुम्ही सांगितलंत तसं केलं आणि सगळं बंद पडलं," एवढीच त्यांची शिक्षा.

किल्ल्यांच्या बाबतीत मामांचं सोवळं कडक. शून्य आणि ओ दोन्ही बाद, कारण म्हाताऱ्या माणसांचा घोटाळा होतो. एक आणि आयही बाद. मग एके दिवशी यंत्राने जी किल्ली बनवली तिच्यात ओळीने एम, ई, एल, ए ही अक्षरं आली. मामा हादरले. ऐन हंगामात गिऱ्हाइकाला पैसे घेऊन 'मेला' म्हणायचं? असे शब्द वगळायचे ठरले. पण ते कोणते, हा प्रश्न आला. एका दुपारी चहाला मला खास बोलावणं आलं. मामी आत गेल्याची खात्री करून मामा माझ्या कानाशी लागले. "जावईबापू, राग मानू नका. तुम्हांला शिव्या येतात?"

मी म्हटलं, "थोड्याफार."

"मला आयुष्यात तीनच आल्या. त्यांतलीही एक कुणाला दिलेली नाही."

"अहो, त्यांना कशाला विचारताय?" आतून मामींचा आवाज आला. "मला विचारा. मी सांगते." आणि खोबरं खवता खवता त्यांनी अशा काही शिव्या सांगितल्या की मामांचे हात कीबोर्डवरच थांबले. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोची नवी ओळख झाल्यासारखे ते मान वळवून आत बघत राहिले.

प्लगइन सुरू झालं आणि छान चाललं. बागायतदारांची मुलं मुंबईहून, आखातातून कार्डाने पैसे भरत, इकडे बापाच्या कॉम्प्युटरवर कुलूप उघडे. पण एक दिवस राजापूरच्या एका वयस्कर बागायतदारांचा फोन आला. त्यांनी आणि मस्कतच्या एका मुलाने एकाच क्षणी खरेदी केली होती आणि प्लगइनने एकच किल्ली दोघांनाही दिली होती. मस्कतवाल्याची आधी लागली. राजापूरच्या पडद्यावर अक्षरं उमटली, 'ही किल्ली दुसऱ्याची आहे.' ते वाक्य मामांनीच लिहिलेलं होतं.

"मी चोर आहे काय हो?" एवढंच ते गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

नवी किल्ली मेलने पाठवता आली असती. मी तसं सुचवलंही. मामा जेवले नाहीत. सकाळच्या एसटीने ते राजापूरला गेले आणि नवी किल्ली कागदावर लिहून घेऊन त्या गृहस्थांच्या दारात उभे राहिले. ते आधी आत यायलाही म्हणेनात. मामा अंगणातूनच म्हणाले, "चूक माझी झाली नि चोर तुम्ही ठरलात. हे बोलायला फोन पुरला नसता." दुपारी दोघं एका पंगतीला जेवले. संध्याकाळी मामा परत आले ते काजूगरांची पिशवी घेऊन. चहाही न घेता ते कॉम्प्युटरपाशी बसले. एकाला किल्ली देताना दुसऱ्याला दारातच थांबवायचं, अशी दुरुस्ती त्यांनी केली आणि ते वाक्यही बदललं. 'आमच्याकडून काही चूक झाली असावी. कृपया फोन करावा.'

पुढे मामांनी ते प्लगइन सगळ्या जगाला फुकट वापरायला देऊन टाकलं. इटलीतल्या एका दुकानदाराने ते घेतलं आणि आत डोकावून विचारलं की, 'मेला' म्हणजे आमच्या भाषेत सफरचंद, इतका चांगला शब्द तुम्ही का वगळलात? मामांनी बराच विचार करून उत्तर धाडलं, "आमच्याकडे सफरचंदं होत नाहीत."

पण प्लगइन चुकेनासं झालं आणि मामांचा फोन वाजेनासा झाला. कुणाची कलमं मोहरली, कुणाच्या मुलीचं ठरलं, हे सगळं किल्लीबरोबर कळायचं, ते थांबलं. मामा फोनचा रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे ना ते बघत. मग त्यांनी किल्लीच्या मेलखाली एक ओळ घातली, 'किल्ली लागली का, ते कळवावे.' लोक कळवू लागले. कुणी 'लागली' एवढंच लिही, कुणी वर 'पाऊस लवकर आला' असंही लिही. मामा ते मामींना मोठ्याने वाचून दाखवत.

नंतर मामांचे डोळे अधू झाले. पुण्याच्या मुलाने दोघांना तिकडे न्यायचं ठरवलं. मामांना घराची नाही, किल्ल्यांची काळजी. "कुणाचा कॉम्प्युटर बिघडला, नवा घेतला, तर त्याला किल्ली द्यायची कुणी?" जायच्या आधी त्यांनी मला बोलावलं. पडद्याला नाक लावून ते प्रोग्रॅममधलं कुलूप काढत होते. ओळ दिसली नाही की मला वाचायला सांगत. सगळं काढून झाल्यावर मामींनी विचारलं, "म्हणजे आता कुणीही उघडील?"

"उघडू दे गो," मामा म्हणाले. "आपली सगळी माहितीतलीच माणसं."

तो प्रोग्रॅम त्यांनी सगळ्यांना पाठवला आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद केलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. मामा गेले, मागोमाग मामीही गेल्या. आरे-वारेच्या वाटेवर आमची थोडी कलमं आहेत, त्यांच्या पेट्या मी अजून त्यावरच मांडतो. आयकॉन दाबला की प्रोग्रॅम लगेच उघडतो, काही विचारत नाही. तरी माझी बोटं क्षणभर कीबोर्डवर थांबतात. कुणीतरी विचारायला हवं होतं, असं वाटत राहतं.