राजकन्येचा बाप जिवंत आहे

हार करणाऱ्याच्या घरात दोऱ्याची टोकं साचतात. हार झाला की उरलेला दोरा तोडायचा आणि खुंटीला अडकवायचा, कधीतरी कामी येईल म्हणून. येत नाही. वर्षाअखेर खुंटीवर हा एवढा गुंता! माझे क्लबातले किस्से असेच साचलेत. कुणी आलं की मी एखादा ओढून काढतो. लोक पोट धरून हसतात आणि म्हणतात, "गुणवंतभाऊ, अजून एक!" मीही हसतो. पण ते गेले की माझं डोकं फिरतं, कारण ते घडत होतं तेव्हा मला एकदाही हसू आलं नव्हतं.

क्लब म्हणजे अमरावतीच्या वकील, मास्तर आणि कचेरीतल्या लोकांचा हौशी नाटक क्लब. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. साहेब लोक नागपूरकडे तोंड करून बसायचे आणि संध्याकाळी रिहर्सलला यायचे. मी फुलवाल्याचा मुलगा. परकोटाबाहेर आमचा मळा, शेवंती, झेंडू, मोगरा. मराठी सातवी पास झालो आणि बापानं हातात टोपलं दिलं. क्लबातल्या तसबिरीला रोज हार पोचवायचा, एवढाच माझा त्या मंडळींशी संबंध.

*

बायका तेव्हा आमच्याकडे स्टेजवर येत नसत. बाईचं काम पुरुषानं करायचं. त्यासाठी मिशी काढायला हवी, आणि मिशी काढायची ती बाप मेल्यावर! बाप धडधाकट असताना ज्यानं ओठ साफ केला, त्यानं बापाला जिवंतपणीच पोचवला असं समजत. क्लबात सगळ्यांना मिशा होत्या आणि सगळ्यांना वडील होते. फक्त कोर्टातल्या नाझरसाहेबांचे वारले होते. झालं, राजकन्येचं काम नाझरांकडे! वय शेहेचाळीस, ढेरी पुढे, आणि राजकन्या लाजून खाली बसल्या की गुडघे असे वाजायचे की मागच्या बाकापर्यंत ऐकू जायचे.

मी हार घालून दारात रेंगाळायचो. ऐकून ऐकून राजकन्येचा सगळा पार्ट मला पाठ झाला होता. एकदा नाझर वाक्य विसरले. मी दारातूनच ते म्हणालो, आणि म्हणता म्हणता दोन पावलं आत आलो, राजकन्या येते तसा. नाटक बसवणारे मास्तर चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता नाव विचारतील.

ते म्हणाले, "वडील आहेत का रे तुला?"

"हायेत जी."

"अरेरे!" सगळा क्लब एकदम म्हणाला.

*

तीन दिवस खल चालला, याच्या बापाचं करायचं काय! चौथ्या दिवशी मी कुणालाच न विचारता न्हाव्यापुढे जाऊन बसलो. त्यानं वस्तरा परजला आणि हळू आवाजात विचारलं, "केव्हा गेला?"

"सकाळीच."

"कशानं गा?"

"कशानं म्हंजे? पायानं. मळ्यात गेला, पानी द्यायले."

त्यानं वस्तरा खाली ठेवला. शेवटी मिशी मी माझ्या हातानं काढली.

बातमी माझ्याआधी घरी पोचली, आणि दुसऱ्या दिवशी तिवस्याला. माझी आत्या छकडा जोडून आली. गल्लीच्या तोंडापासूनच तिनं सूर लावला, "माया भाऊ गेला व माय! मले न भेटता गेला व!" बाया गोळा झाल्या. आत्या ऊर बडवत दाराशी आली, तर भाऊ उंबऱ्यात बसून झेंडूची माळ ओवून राहिला होता.

आत्या थबकली. डोळे पुसले. मग अशी भडकली की विचारू नका. "जित्ता हायेस? मंग मले तिवस्याहून काहून पयवलं?"

अख्खी गल्ली हसली. बाप हसला नाही. सुईवरची नजर न काढता म्हणाला, "बरोबर आली तू बाई. या घरातला पोरगा मेला."

त्यानंतर दोन वर्षं तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी हातभर अंतरावर जेवायला बसलेलो असायचो आणि तो मायला सांगायचा, "त्याले म्हनाव, भाकर घे." माय बिचारी मान वळवून तेच मला पुन्हा सांगायची. माझा बाप वाईट माणूस नव्हता. म्हणून तर ते जास्त लागायचं.

*

तुम्ही म्हणाल, एवढं होईस्तोवर कशाला ताणलं? तर ऐका.

लहानपणापासून मला गल्ली "बायल्या" म्हणायची. माझं चालणं, माझा हात, माझा आवाज, सगळं चुकीचं. शाळेत गुरुजी मला उभं करून माझ्या चालीची नक्कल करायचे, आणि वर्ग हसून घ्यायचा. मी छाती काढून चालायचो, आवाज जाड करायचो, तंबाखूसुद्धा खाऊन पाहिली. उलटी झाली.

क्लबात पहिल्यांदा नऊवारी नेसून मी आरशापुढे उभा राहिलो. मला वाटलं होतं, आरशात कोणी बाई दिसेल. तसं झालं नाही. मीच दिसलो. खांदे सैल सोडलेला, श्वास घेणारा मी. बावीस वर्षं मी पुरुषाचं सोंग करत होतो आणि ते मला कधीच नीट जमलं नव्हतं. त्या दिवशी सोंग उतरलं. लोकांना वाटलं, चढलं!

राग येतो तो याचा, की हे समजायला मला त्या लोकांचा आरसा लागला.

*

आणि लोक कसे, तर ऐका. आमचे नायक भाऊसाहेब. मोठे वकील, शिवाय ऑनररी मॅजिस्ट्रेट. पहिल्या अंकात माझ्यासाठी राज्य सोडायचे, दुसऱ्यात माझा हात छातीशी धरून रडायचे. पहिला प्रयोग झाला, वाहवा झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाड्यावर जेवण ठेवलं. पंगत आत. माझं पान बाहेर, ओट्यावर, जोड्यांच्या शेजारी.

मी पानावर बसलो. तेवढ्यात भाऊसाहेबांना ठसका लागला. पाण्याचा तांब्या दाराजवळ माझ्या हाताशी होता, म्हणून मी उचलून पुढे केला. भाऊसाहेब ठसकत ठसकत डाव्या हातानं नको नको करू लागले. डोळे पांढरे व्हायची वेळ, पण माझ्या हातचं पाणी नको!

मी मास्तरांना म्हटलं, "मास्तर, तिसऱ्या अंकात हे माया हातचं इख पेते. पानी नाई चालत?"

पंगतीत कुणी मान वर केली नाही. जिलबी मात्र सगळ्यांनी दोनदा घेतली.

*

वाड्यावरच्या बायका बऱ्या. निदान तोंडावर बोलायच्या. भाऊसाहेबांच्या बाईसाहेबांनी एकदा मला मागच्या दारी बोलावलं. मुलीला बघायला पाहुणे येणार होते, तिला चालायला शिकवायचं होतं. मी अंगणात चालून दाखवलं. मुलगी माझ्यामागून चालली. ज्या चालीसाठी मला दगड खावे लागले, ती चाल वकिलाच्या घरात शिकवणीची झाली!

शिकवणी संपल्यावर बाईसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "गुणवंता, खरं सांग. आमच्या यांच्याकडून मला वीस वर्षांत एकदाही 'प्रिये' ऐकू आलं नाही. तुला एका अंकात सात वेळा म्हणतात. तू करतोस तरी काय रे?"

"काई नाई करत बाईसाहेब. पडदा पडला की थे मले बी वळखत नाईत."

बाईसाहेब बराच वेळ हसल्या. मग पदर तोंडाला लावून आत गेल्या, आणि माझी खात्री आहे की आत जाऊन हसल्या नाहीत. मुलीचं लग्न जमलं. लग्नात मला बोलावणं आलं ते फुलांसाठी, मागच्या दारानं.

*

मग अकोल्याला प्रयोग ठरला. बडनेऱ्याला गाडी धरायची होती आणि गाडी लेट. प्लॅटफॉर्मवर मी माझ्यासारखा चालत होतो. मास्तरांना घाम फुटला. म्हणाले, "स्टेजवर वाट्टेल तसा चाल. खाली उतरलास की पुरुषासारखं चालायचं. अकोल्याचे लोक क्लबाला काय म्हणतील?" आणि मला पुरुषाची चाल शिकवायचं काम कुणाला दिलं? नाझरांना!

तास-दीड तास आमची कवायत चालली. पुढे नाझर, ढेरी सांभाळत, पाय फाकवून. मागे मी, तसेच पाय फाकवून. या टोकाला जायचं, वळायचं, त्या टोकाला यायचं. माझे कान तापले होते. एक म्हातारा हमाल बराच वेळ बघत बसला होता. शेवटी न राहवून उठला आणि नाझरांना म्हणाला, "साहेब, दोघाईले बी काटा रुतला का? बसा, मी काढून देतो."

नाझर बसले. मी बसलो नाही. तिथून गाडीपर्यंत मी माझ्या चालीनं गेलो, आणि अकोल्यात उतरल्यावरही. मास्तर तीन वेळा खाकरले. खाकरू दे!

*

आता हा शेवटचा किस्सा.

क्लबात मला कपडे बदलायला जागा होती ती सरपणाच्या खोलीत. नायकाला खोली, विदूषकाला खोली, राजकन्या लाकडांत! एकदा लाकडातून विंचू निघाला. मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "झटकून नेसत जा."

दुसऱ्या दिवशी मी घरीच लुगडं नेसलो. मायचं हिरवं. वेणी माळली, कुंकू लावलं, आणि भर दुपारी बाजारातून क्लबाकडे निघालो. कुणाची नक्कल नाही की पार्ट नाही. मी आपला चाललो होतो. भाजीवाल्या बाया बघून बाजूला झाल्या, दोघी हसल्या, एकीनं पदर सारखा करून दिला. पण चौकात कुणीतरी हाकाटी केली, आणि शिपायानं दंड धरून मला नेलं ते थेट मॅजिस्ट्रेटपुढे.

खुर्चीवर भाऊसाहेब! सात वेळा 'प्रिये' म्हणणारे!

कोर्ट भरलेलं. क्लबातले तिघे वकील पुढच्या बाकावर. मास्तरही धावत आले होते, क्लबाचं नाव निघतं की काय बघायला. भाऊसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुन्हा बाईच्या वेषात रस्त्यावर फिरणार नाही असा मुचलका लिहून दे आणि जा."

सुटका इतकी सोपी होती. एक सही. माझी सही चांगली आहे, सातवी पास आहे मी. मी पेनाकडे बघितलं. ही सही केली तर उद्यापासून पुन्हा ते जुनं सोंग, आणि आता ते मरेपर्यंत!

"नाई देत जी," मी म्हणालो.

"मूर्खा, स्टेजवर कोण अडवतंय तुला? ती कला आहे. रस्त्यावर चालणार नाही."

"स्टेजवर जायले बी रस्ताच लागते ना जी!"

मागे खसखस पिकली. भाऊसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "मग जामीन आण, नाहीतर आत बस! कोण आहे याला जामीन?"

मी पुढच्या बाकाकडे बघितलं. तिघाही वकिलांना एकदम आपापल्या कागदांत काहीतरी महत्त्वाचं सापडलं. मास्तर चष्मा पुसू लागले. दोन वर्षं ज्यांना मी टाळ्या मिळवून दिल्या, त्यांतला एकही माणूस हलला नाही. शिपायानं माझा दंड पुन्हा धरला.

"मी हावो जी."

आवाज मागून, दाराकडून आला. टोपलं बाहेर ठेवून माझा बाप आत येऊन उभा होता. धोतराला मळ्यातला चिखल तसाच.

"तू कोण?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"बाप हावो मी याचा."

मी मान खाली घातली. मला त्याच्याकडे बघवेना. भाऊसाहेबांचा मात्र चेहरा खुलला. "बरं झालं आलास! शहाणा दिसतोस. आता सगळ्यांसमोर कबूल कर, की हा पुन्हा लुगडं नेसणार नाही."

"थे कसं कबूल करू जी?" बाप म्हणाला. "थो तं नेसन."

"अरे, मग जामीन कशाचा देतोस?"

बापानं माझ्या दंडावरचा शिपायाचा हात काढला, आणि तिथं स्वतःचा ठेवला.

"पयून नाई जानार, याचा."