सहादूचं वळण

सायखेड्याच्या सरदारांची कोठी दुरुस्त होऊन लोकांसाठी उघडली, तेव्हा अख्खं गाव बघून आलं. सहादू मात्र महिनाभर गुडघ्यांचं निमित्त सांगत राहिला. गुडघे कसले दुखतायत! कोठीची बाग जुनी होती तशीच्या तशी केलीय, हे ऐकल्यापासून तो तिकडची वाटच टाळत होता.

कारण होतं बागेतली मधली वाट. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कोठीवर माळी असताना ती सहादूनंच आखली होती. फाटकापासून कारंज्यापर्यंत सरळ जायची ती मध्येच चांगली हातभर वाकली. थोरले सरदार बाहेरगावाहून परतले तोवर विटाही बसून गेल्या होत्या. त्यांनी त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. तेव्हापासून गावात हा 'वाकडा सहादू'. गावाचं एक वेळ सोडा हो, पण घरात बायको! भाकरी जरा वेडीवाकडी झाली, की सुमनबाई म्हणणार, "गेली बघा तुमच्या वळणावर!" आता तरी ती वाट सरळ केली असेल, एवढीच त्याला आशा होती.

शेवटी सुमनबाईनं त्याला ओढतच नेलं. फाटकातून आत शिरताच सहादूनं कपाळावर हात मारला. वाट तश्शीच वाकडी होती. वर दोन्ही बाजूंनी गुलाब लावून नटवलेली.

"ही वाट खास बघा," गाइड मोहिनी पाहुण्यांना सांगत होती. "गोदावरीचं वळण डोळ्यांपुढे ठेवून सरदारांनी स्वतः आखलेली. जुन्या फोटोवरून इंच न् इंच मोजून पुन्हा बांधलीय."

लोक वा वा करत फोटो काढायला लागले. सहादूचं टाळकंच सटकलं.

"कसली गोदावरी आन् कसले सरदार? ही वाट म्या आखली! हिच्यापायी माझं काम गेलं, गाव अजून हसतंय. आन् आता चांगली ठरल्यावर सरदारांची व्हय?"

मोहिनी बिचारी गांगरली. "पण बाबा, मग हे वळण का दिलंत?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं, नुसते हसायचे. सुमनबाई कमरेवर हात ठेवून, आता काय थाप मारतोय हे बघत उभी.

"दिलं नाय, झालं," तो खाली बघत पुटपुटला. "चुन्याची फक्की टाकत मागं सरकत व्हतो. तिकडं गुलाबात बाया खुरपत व्हत्या. त्यात हिरव्या लुगड्यातली एक पोरगी नवीनच आल्याली. हात फक्की टाकत व्हता, पर ध्यान तिकडं. मंग पाय बी तिकडंच गेलं."

"कोण व्हती ती भवानी?" सुमनबाई कडाडली.

सहादूनं मान वर केली आणि नुसतं तिच्याकडं पाहिलं.

सगळी बाग हसत होती. सुमनबाईला कळायला अंमळ वेळच लागला. मग तिनं घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला. तिचे डोळे भरून आले होते.

"अवो," ती त्याच्यावर खेकसली, "मंग सरळ सांगायचं ना इतकी वर्सं!"