मोजणी गुरुजींचा पहिला फोटो

आमचे गुरुजी चहा प्यायला बसले तरी कॅमेऱ्याच्या पिशवीचा पट्टा पायाला गुंडाळून ठेवायचे. समोर सख्खा मेहुणा बसलेला असला तरी! चौथीत ते आम्हाला शिकवायचे, तेव्हा मधल्या सुट्टीनंतर वर्गातली पोरं दोनदा मोजायचे. एकदा दाराकडून आणि एकदा खिडकीकडून. म्हणून मोजणी गुरुजी हे नाव पडलं, ते कायमचं.

निवृत्तीनंतर त्यांना माळावरच्या जनावरांचे फोटो काढायचा नाद लागला. लांडगा, खोकड, काळवीट. पहिल्या एस.टी.नं जायचे, उन्हं चढली की परतायचे. माझा येरमाळ्याला लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ. कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं करायला माझ्याकडं यायचे, पण कार्ड देऊन चहाला गेले असं एकदाही झालं नाही. आधी फोटो मोजायला लावायचे, डिस्कवर उतरवल्यावर पुन्हा मोजायला लावायचे. मध्येच गिऱ्हाईक आलं की स्क्रीनवर खांद्यावरचा टॉवेल टाकायचे. आलेली बाई बिचारी पासपोर्ट फोटोसाठी आलेली असायची.

"गुरुजी, एखादा फोटो मोबाईलवर टाका की. लोकांना बघू द्या."

"बघणारा एकच इचारतोय, कुठं दिसला? आज फोटो बघंल, उद्या शिकारीला कुत्री घेऊन जाईल."

मग त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं. नजरेच्या मधोमध काळा डाग. लेकीनं लातूरला न्यायचं ठरवलं, तेव्हा जाताना डिस्क माझ्या हातात ठेवली. सहा वर्षांचे फोटो होते आणि त्यातला एकही निवडलेला नव्हता.

"नीट लावून ठिव. माझ्यानं आता व्हायचं न्हाय," ते म्हणाले. "आन् ध्यानात ठिव, पहिलं पान फाडायचं नसतंय."

वह्या वाटताना ते आम्हाला हेच सांगायचे. म्हातारपणी जुनं आठवतं, असं समजून मी मान डोलावली.

लग्नसराई सरल्यावर कामाला बसलो, तर फोल्डरांची नावं निव्वळ थापा. लांडग्याच्या पिल्लांवर लिहिलंय तेरखेडा. तेरखेड्याला फटाके बनवतात. तिथं कुठली लांडगीण बाळंतपणाला जाईल? खोकडावर मुरुम गावाचं नाव. कॅमेऱ्यातली तारीख बघावी, तर सालसुद्धा मुद्दाम चुकवलेलं. माझं डोकंच फिरलं. डिस्क मला दिली आणि खरं मात्र स्वतःजवळ ठेवलं! हे फोटो गुरुजींनीच काढलेत ना, इथपर्यंत माझी मजल गेली. संशय साथीसारखा लागट असतो.

लग्नाचे फोटो निवडताना आम्ही आधी कचरा काढतो. मिटलेले डोळे, हललेला हात, मध्ये आलेला अंगठा. गुरुजींच्या दर दिवसाचा पहिला फोटो असाच होता. अंगठा, चिमटीत धरलेला कागदाचा चिटोरा आणि मागं धुरकट माळ. मी ते सगळे उडवले. जागा झाली म्हणून बरंही वाटलं.

पुढं दोन महिन्यांनी जवळच्या एका माळावर खडी क्रशर येणार असं कळलं. त्या गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. गुरुजींना आवडायचं नाही. गावातली माणसं माझ्याकडं आली. माळावर लांडगे आहेत याचा जागा-तारखेसकट पुरावा आणा, असं त्यांना कचेरीत सांगितलं होतं. मी डिस्कवरचे पिल्लांचे फोटो शोधले आणि ही त्याच माळावरची का, हे विचारायला गुरुजींना फोन लावला.

"त्योच माळ," गुरुजी म्हणाले. "पर माझ्या शब्दावर कोण इस्वास ठिवंल? म्या तरी ठिवला नसता. दर दिवसाचा पहिला फोटो एस.टी.च्या तिकिटाचा हाय. तारीख, थांबा, मागं माळ. त्यो दाखव."

तेच तर मी कचरा म्हणून उडवले होते. परत आणायचं सॉफ्टवेअर चालवलं, पण त्या जागेवर मी दोन लग्नं उतरवून बसलो होतो. डिस्क बिघडली, असं सांगता आलं असतं. त्यांना दिसत तर नव्हतंच. दोन दिवस मी तेच घोकत होतो. तिसऱ्या दिवशी फोन करून जे केलं ते सांगितलं.

"येतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या बसमधून उतरले. पायरी पायानं चाचपत आत आले आणि बंडीच्या आतल्या खिशातून दुसरी डिस्क काढली.

"तुझ्यावर इस्वास न्हवता. म्हणून तुला द्यायच्या आधीच दुसरी करून ठिवली."

कुणी आपल्यावर विश्वास ठेवला नाही याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता, आणि एवढी लाजही वाटली नव्हती. पहिला फोटो उघडला. तिकीट, तारीख, थांब्याचं नाव, मागं माळावरचा एकुलता पळस. तिथून पिल्लांपर्यंत फोटोंचे नंबर सलग. या फोटोंमुळं पुढं क्रशरचं काम अडलं, ते अजून अडलेलंच आहे.

सगळं उतरवून झाल्यावर सवयीनं मी म्हणालो, "गुरुजी, मोजतो हं."

ते उठून चपला शोधत होते. "ऱ्हाऊ दे."

"का हो?"

"खोडलेलं आपणहून दाखवणारं पोरगं वर्गात एखादंच असतंय," गुरुजी म्हणाले. "त्याची वही म्या कधी तपासली न्हाय."

मी त्यांना बसमध्ये बसवून आलो, तर त्यांची डिस्क माझ्या टेबलावरच होती. विसरली असेल म्हणून फोन केला. विसरली नव्हती.